घरात शुगर निघाली: पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

रिपोर्ट घरी येतो त्या संध्याकाळी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, आणि ज्याचा रिपोर्ट आहे तो माणूस गप्प होतो. डबा सगळ्यांना दिसतो. गप्प झालेला माणूस दिसायला कधी कधी वर्ष जातं, आणि तोवर गोळ्या अर्धवट, वही कोरी, तपासणी ‘पुढच्या महिन्यात’ असं सगळं सुरू झालेलं असतं. म्हणून इथे औषध, ताट आणि सुई यांच्याइतकीच जागा घरातल्या बोलण्याला दिली आहे. लेख मधुमेह असलेल्या माणसासाठी आहे तसाच त्याच्या पंगतीला बसणाऱ्यांसाठीही आहे. इंदूरच्या मराठी घरांतलं खाणं, इथले उपास, इथला मे महिना गृहीत धरला आहे. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत एवढ्यासाठी आहेत.

पहिला आठवडा: निदान पक्कं करा, दोष देणं थांबवा

किमान ८ तास उपाशी राहून तपासलेली शुगर १२६ (एका डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम, पुढचे शुगरचे आकडेही याच मापात) किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त: यांवरून मधुमेह ठरतो. काहीच त्रास नसेल तर एका आकड्यावर भागत नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी लागते. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि कुठल्याही वेळची शुगर २००च्या वर असेल, तर मात्र वाट बघायची नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिथून मागे फिरता येतं.

एचबीए१सी हा साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज असतो, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर खोटा कमी. घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी असतं आणि ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

टाइप २ (बहुतेक मोठ्यांना होणारा मधुमेह) कळायच्या आधी काही वर्षं चुपचाप अंगात असू शकतो. म्हणून त्याच महिन्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी (बाहुली मोठी करणारे थेंब घालून), लघवीतला अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (ही दोन्ही मूत्रपिंडासाठी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची संवेदना बघून घ्यायची. थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, तेव्हा गाडी दुसऱ्याने चालवायची.

लहान मूल किंवा सडपातळ तरुण माणूस, काही आठवड्यांत वजन घसरलं, अंथरुण ओलं व्हायला लागलं, तर टाइप १चा (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) विचार आधी. त्यात इन्सुलिन पहिल्या दिवसापासून लागतं आणि एक दिवसही बंद करता येत नाही. उलट्या, पोटदुखी, धापा, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास: ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

आता दोषाचं. ‘गोड फार खायचास ना’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी येतं. टाइप २ मध्ये आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बसून काम, वय, स्वादुपिंडाची उरलेली ताकद असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आईने मुलीला काय खाऊ घातलं याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि हे त्या आईला कुणीतरी समोर बसून, नातेवाइकांच्या देखत सांगायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या घरांतल्या इतक्या लोकांनी काहीतरी पाप केलेलं नाही.

कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कुणाच्या तरी ओळखीचा काढा हेही याच आठवड्यात दारात येतं. कारली भाजी म्हणून जरूर खा. त्याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.

मीटर आणि वही

ग्लुकोमीटर घेताना यंत्राची किंमत बघू नका, पट्ट्यांची बघा. खर्च तिथे होतो. वापरायची रीत अशी. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरच्या रसाची साखर मोजली जाते आणि आकडा तीनशेच्या घरात जातो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. थेंब आपसूक येऊ द्या. बोट पिळून काढलेल्या थेंबात पाण्याचा अंश मिसळतो. पट्टीची डबी लगेच बंद करा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली पट्टी चुकते. मीटरच्या आणि लॅबच्या आकड्यात १० ते १५ टक्के फरक असला तर घाबरू नका.

रोज सकाळी फक्त उपाशीपोटीची बघत राहणं म्हणजे पट्ट्या वाया घालवणं. जोडीने तपासा: एका जेवणाच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून (शेवटच्या नव्हे) दोन तासांनी एकदा. सोमवारी नाश्त्याची जोडी, बुधवारी दुपारच्या जेवणाची, शुक्रवारी रात्रीची. आठवड्याला सहा पट्ट्यांत कुठलं जेवण त्रास देतंय ते कळतं. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्क, एकटे राहणारे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर ते सैल ठेवतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना तपासणी याहून जास्त लागते.

आकडा वहीत लिहा, आणि त्याच्या शेजारी चार शब्द. एक पान असं दिसतं:

रविवार. ८.३० पोहे दोन बश्या, वर सेव, दोन जिलब्या. १०.३०: २३८. रात्री झोप नाही, दाढ दुखत होती.

हे पान मुलगी वाचते. ‘बाबा, सांगितलं होतं ना जिलबी नको!’ असं ती म्हणाली, तर पुढच्या रविवारी दोनपैकी एक होणार: जिलबी बाहेर खाल्ली जाईल, किंवा शुगर तपासलीच जाणार नाही. तिने ‘दाढ अजून दुखतेय का, बाबा?’ असं विचारलं तर दोन कामं होतात. बाबा वही लपवत नाहीत, आणि आकड्यामागचं अर्धं कारण सापडतं, कारण हिरडीतला किंवा दाढेतला जंतुसंसर्ग शुगर वर ठेवतो आणि वर राहिलेली शुगर तो संसर्ग बरा होऊ देत नाही. जिलबीचं बोलणं दंतवैद्याकडून आल्यावर, शांतपणे, होऊ शकतं.

घरात एक नियम करा: आकडा कितीही आला तरी पहिल्या पाच मिनिटांत त्यावर कुणी मत द्यायचं नाही. ‘किती आली?’ हा प्रश्न दारातून आत येता येता विचारायचा नाही. वही कुणी बघायची हे ज्याची वही आहे तो ठरवेल.

ताट

मराठी जेवणात अडचण गोडाची कमी आणि धान्यावर धान्याची जास्त असते. तीन पोळ्या, त्यावर वरण-भात, बाजूला बटाट्याची भाजी: यात साखरेचा एक दाणा नाही, तरी जेवणानंतर आकडा चढतो. अंदाज यावा म्हणून घरच्या वजनकाट्यावर एकदा मोजून बघा. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८. ४० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३०च्या आसपास. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४० ग्रॅमच्या वर, आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. आपल्या वाटीत भात किती मावतो हे एकदा मोजलं की पुढे काटा लागत नाही.

ताटाची वाटणी अशी ठेवा: अर्ध्या भागात भाजी आणि कोशिंबीर (बटाटा, रताळं, सुरण यांना भाजीत धरू नका), पाव भागात उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात, शक्यतो दोन्हींपैकी एक. आधी भाजी-उसळ आणि मग धान्य खाल्लं तर जेवणानंतरची चढण कमी होते. जेवून उठल्यावर १०-१५ मिनिटं चाललं तर आणखी कमी. वेगळं ताट, वेगळा स्वयंपाक करू नका. एकाच्या पानात पिळपिळीत दुधी आणि बाकीच्यांच्या पानात श्रीखंड-पुरी असं महिनाभरही टिकत नाही, आणि माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा होतो. अर्धं ताट भाजीचं हा बदल सगळ्यांनीच करावा. मुलांच्या रक्तातही तोच वारसा आहे.

गूळ आणि मध साखरेला पर्याय नाहीत, शुगर तशीच चढते. फळ खायचं, रस नाही. एका वेळी एक लहान फळ, जेवणाला लागून नको. आंबा बंद करायची गरज नसते, पण अर्धी वाटी फोडी मधल्या वेळी घेतल्या तर त्या दिवशीच्या भाताचा वाटा त्यांना द्यावा लागतो.

पोहे सोडायला सांगून इंदूरमध्ये कुणी ऐकत नाही, आणि गरजही नाही. एक बशी पोहे, त्यात मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी किंवा मटार, वर लिंबू, सेव नावापुरती, जिलबी सणावारी. सेवेत बेसन असल्यामुळे शुगर फार चढत नाही, पण तेल आणि मीठ रक्तदाबाला नडतं. भुट्ट्याचा कीस चविष्ट आहे, पण मका हे धान्य आहे हे विसरू नका. सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) जायचं असेल तर घरचं जेवण सोडून किंवा अर्धं करून जा, त्याच्या वर नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन चुका टाळायच्या. एक, घरी सुई घेऊन निघायचं आणि गर्दीत पाऊण तास ताटकळायचं: यात शुगर धोकादायक उतरते, म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिन खाणं समोर आल्यावरच. दुसरी, जास्त खाल्लं म्हणून अंदाजाने आणखी एक डोस घ्यायचा: आधीचा डोस अजून काम करत असतो, आणि दोन्ही मिळून पहाटे शुगर पाडतात.

उपास

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपास धरायचा की नाही ही श्रद्धेची बाब आहे आणि घरच्यांनी तिची थट्टा करू नये. पण नवरात्राच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी शुगर खाली ओढतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर निर्जळी करू नका. पाणी कमी पडतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना धोका कमी.

फराळात साबुदाणा, भगर, रताळं हे तिन्ही पिष्टमयच. त्यांतलं एकच, अर्धी वाटी, आणि बरोबर दही, दूध, शेंगदाणे, पनीर, काकडी. राजगिऱ्यात प्रथिनं थोडी जास्त, पण तोही पिष्टमयच. शुगर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली तर उपास सोडायचा, हे आदल्या दिवशीच घरात बोलून ठेवा. ऐन वेळी आजी ‘दोन तासांवर तर आलंय सोडणं’ म्हणतात आणि तेच दोन तास नडतात.

शुगर उतरली तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा, दहावीतल्या नातवानेसुद्धा. हात थरथरणं, घाम, धडधड, भूक, ओठांना मुंग्या, डोळ्यांपुढे धुरकट, बोलणं अडखळणं, आणि विनाकारण चिडणं. आकडा ७०च्या खाली, किंवा मीटर हाताशी नसेल तर नुसती लक्षणं पुरेत.

१. माणसाला बसवा. गाडी चालवत असेल तर आधी कडेला.

२. १५ ग्रॅम लगेच चढणारी साखर द्या: ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे तीन-चार लहान चमचे अर्ध्या पेला पाण्यात, किंवा अर्धा पेला साधं (डाएट नव्हे) थंड पेय. पेढा, बर्फी, चॉकलेट नको. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते.

३. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७०च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा.

४. वर आल्यावर, जेवणाला वेळ असेल तर पोळी, दूध, केळं असं काही खायला द्या. घाबरून सहा चमचे साखर आणि वर दोन लाडू दिले तर तासाभराने आकडा तीनशेवर असतो, आणि मग सगळा दिवस झुलत राहतो.

५. शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवा, १०८ला फोन करा.

एक बारकावा फार कमी लोकांना सांगितला जातो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर ती साखर फोडू देत नाही, त्यामुळे साखरपाण्याचा असर उशिरा होतो. अशा घरात ग्लुकोज पावडरच ठेवा. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली शुगर, विशेषतः वयस्क आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात, वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते. बरं वाटलं म्हणून रात्री एकटं झोपू देऊ नका.

रात्री उतरलेली शुगर ओळखायची खूण म्हणजे घामाने भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं. त्या वेळी माणूस रागाने ‘मला काही झालेलं नाही, जा तू’ म्हणतो. तो राग मेंदूला ग्लुकोज न मिळाल्याचा आहे, त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मांडायचा नाही. शुगर वर आल्यावरही ‘वेळेवर जेवायला काय होतं?’ असं न म्हणता काय घडलं ते वहीत लिहा. आठवड्यात दोनदा उतरली तर डोस चुकतोय, माणूस नव्हे. डॉक्टरांना फोन करा.

याचंच एक रूप घरोघर दिसतं. घरातल्या बाईला मधुमेह असतो, ती सकाळी आठला गोळी घेते, सगळ्यांना गरम पोळ्या वाढते आणि स्वतः अडीचला जेवते. मग शुगर दुपारी उतरते आणि लोक म्हणतात तिचा स्वभाव चिडका झालाय. उपाय औषधाचा नाही. ती पहिल्या पंगतीला बसेल आणि शेवटच्या पोळ्या दुसरं कुणी लाटेल, इतकाच आहे.

इन्सुलिन

‘आता सुई लागली म्हणजे संपलं’ ही भीती आधी बोलून टाका. टोरोंटोत १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं; त्याआधी टाइप १ची मुलं वाचत नसत. टाइप २ मध्ये वर्षांगणिक स्वादुपिंड थकतं आणि गोळ्या पुरत नाहीत. यात रुग्ण कुठे कमी पडला असा अर्थ नसतो.

कुपी आणि सिरिंज जुळतात का ते दर वेळी वाचा. आपल्याकडच्या कुप्या बहुतेक ४० युनिटच्या (दर मिलिलिटरला ४० युनिट) असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. उलट गफलत झाली तर १०ऐवजी ४च जातात. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसात १०० युनिटचं इन्सुलिन असतं. पेन बिघडला म्हणून त्यातून लाल सिरिंजने काढू नका.

पेनला ४ मिलिमीटरची सुई जवळजवळ सगळ्यांना पुरते. दुधाळ इन्सुलिन असेल तर तळहातांत दहा वेळा फिरवा आणि दहा वेळा उलटसुलट करा, जोरात हलवू नका. आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून, सरळ टोचा, बटण दाबून दहापर्यंत मोजा, मग काढा. दर वेळी जागा बोटभर सरकवा. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची मऊ गाठ होते. ती दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ सोडून नवी जागा घेताना डॉक्टरांना सांगा, कारण तोच डोस तिथे जास्त लागू पडतो.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको. एकदा गोठलं की फेकून द्यायचं. वापरात असलेलं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. उघडल्याची तारीख कुपीवर लिहा. इंदूरचा मे चाळिशीच्या वर जातो आणि वीज जाते. तेव्हा मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात झिपच्या पिशवीत कुपी, वर ओलं फडकं, हे सगळं सावलीत वारा लागेल असं. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही सोय छान चालते. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली कुपी वापरू नका.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत साठवा, वर ‘सुया’ लिहा. कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यायची सवय इंदूरकरांना आहेच. ही बाटली घरगुती घातक कचऱ्यात द्यायची. ओल्या-सुक्यात गेलेली सुई कचरा निवडणाऱ्याच्या हातात घुसते.

पाय

रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा घरच्या कुणीतरी. तेल लावा, पण बोटांच्या मधे नको. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने काढू नका. पाण्याची ऊब कोपराने बघा. संवेदना गेलेल्या पायाला चटका कळत नाही, आणि खजराना गणपतीला किंवा कुठल्याही मंदिरात मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालल्याने फोड येतात ते घरी आल्यावर दिसतात. सकाळी लवकर जा, पायांत जाड सुती मोजे घाला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील तर व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या. दोष नेहमी शुगरचाच नसतो.

मन

रोजची वही, रोजची गोळी, प्रत्येक लग्नात ‘तुम्हाला चालतं का हो?’ याचा वीट येतो. हा मधुमेहाचा शीण आहे. तो कमजोरी नाही आणि उदासीचा आजारही नाही. यावर उपाय म्हणजे ओझं हलकं करणं: पंधरा दिवस वही दुसऱ्याने लिहावी, औषधं मुलाने आणावीत, रोजच्या चालण्यात कुणीतरी सोबत यावं. चालताना शुगरचा विषय काढू नये.

पण दोन आठवडे, बहुतेक दिवस, कशातच मन रमत नसेल, किंवा उदास आणि हताश वाटत असेल, तर ते वेगळं आहे. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना हे शुगरइतक्याच स्पष्टपणे सांगा. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीत बोलायचीही सोय. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं, किंवा इन्सुलिन मुद्दाम जास्त घेतल्याचा किंवा बंद केल्याचा संशय आला, तर माणसाला एकटं सोडू नका, इन्सुलिन आपल्या ताब्यात घेऊन वेळेवर स्वतः द्या, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

टाइप १ असलेल्या मुलाच्या वर्गशिक्षकांना एक कागद द्या: शुगर उतरल्याची लक्षणं, दप्तराच्या कुठल्या कप्प्यात ग्लुकोज आहे, कुणाला फोन करायचा, आणि ‘याला एकट्याला पाणी प्यायला किंवा बाथरूमला पाठवू नका’. मुलीचा मधुमेह लग्नाच्या भीतीने लपवणारी घरं अजून आहेत. लपवलेल्या इन्सुलिनचे डोस चुकतात, मुलगी मैत्रिणींसमोर सुई घेत नाही, आणि याची किंमत तिचं शरीर भरतं. समोरच्या घराला आधी सांगा.

ताप-उलटीच्या दिवशी

ताप आला की न खाताही शुगर चढते. इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. दर चार तासांनी तपासा, घोट घोट पाणी द्या, पातळ ताक, मुगाचं कढण द्या. सतत उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन थांबवायच्या का ते फोन करून त्याच दिवशी विचारा.

तिसऱ्या महिन्याची भेट

एचबीए१सी पुन्हा करायची ती आता. आधी करून उपयोग नाही. डॉक्टरांकडे दहा मिनिटं मिळतात, म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहा: वहीतल्या जोड्यांपैकी कुठलं जेवण सगळ्यात वर जातं, शुगर किती वेळा उतरली आणि कधी, कुठल्या गोळ्या खरोखर घेतल्या आणि कुठल्या चुकल्या. चुकलेल्या लपवू नका, नाहीतर डॉक्टर डोस वाढवतील आणि सगळ्या गोळ्या नीट घेतल्या त्या दिवशी शुगर कोसळेल. खर्च झेपत नसेल तर तेही लिहा. जन औषधी केंद्रात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड यांसारखी औषधं बरीच स्वस्त मिळतात, फक्त घटक आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून बघा. डोळे आणि लघवीचे रिपोर्ट, सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि सुई घेत असाल तर पेन बरोबर न्या, म्हणजे टोचायची पद्धत तिथेच तपासून घेता येईल. घरचं कुणी बरोबर जात असेल तर प्रश्न आधी रुग्णाने विचारायचे, बरोबरच्याने लिहून घ्यायचे.